पडद्यावर अंमल कुणाचा?

संगणकाच्या पडद्यावर एखादे संकेतस्थळ उघडले असता जे पान आपल्यासमोर येते, ते दूर कोठेतरी पूर्णपणे तयार होऊन आलेले असते आणि त्यात काडीमात्र फेरफार करण्याची मुभा आपणांस नसते, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. आणि ती मोडून काढण्यात कोणाचेही आर्थिक हित गुंतलेले नसल्यामुळे दिवसेंदिवस ती दृढच होत चालली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. सर्व्हरकडून आपल्याकडे येतो तो मजकूर, आणि त्या मजकुराच्या जोडीने येते ते एक स्वतंत्र टिपण. मथळा अमुक आकाराचा असावा, परिच्छेदाची अक्षरे करड्या रंगाची असावीत, डावीकडे इतका समास सोडावा, अशा सूचना त्यात ओळीने लिहिलेल्या असतात. या टिपणाला स्टाइलशीट म्हणतात. मजकूर आणि टिपण शेजारी ठेवून प्रत्यक्ष पान रचण्याचे काम आपल्याच घरातल्या यंत्रावर, आपल्याच विजेवर आणि आपल्याच डोळ्यांसाठी, आपला ब्राउझर करीत असतो. त्यामुळे त्या टिपणातील प्रत्येक सूचना ही कायद्याने पाहता प्रकाशकाची दरखास्त ठरते आणि ती मंजूर करावी, नामंजूर करावी की दुरुस्तीसह मंजूर करावी, हे ठरविण्याचा अधिकार वाचकाकडे राहतो.

‘कायद्याने’ हा शब्द येथे सैलपणे वापरलेला नाही. जागतिक जाळ्याची जी मूळ सनद आहे, तिच्यातच ही तरतूद आहे. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा अक्षरांची ठेवण वाचणाऱ्याने आपल्या यंत्रावर ठरवावी, अशीच व्यवस्था होती. पुढे जाळे पसरले, प्रकाशकांना आपल्या पानाच्या रूपाची काळजी वाटू लागली, आणि त्या ओढाताणीतून मार्ग काढण्यासाठी सर्नमध्येच काम करणारे नॉर्वेचे हॉकॉन विउम ली यांनी ऑक्टोबर 1994 मध्ये स्टाइलशीटचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. त्या मसुद्यातील एक तरतूद आज वाचली तरी कौतुक वाटते. प्रत्येक सूचनेपुढे टक्केवारी लिहिण्याची सोय त्यात होती. थोरल्या मथळ्याचा आकार 24 पॉइंट असावा आणि त्याबाबतीत आपला हक्क 100 टक्के राहावा, दुय्यम मथळा 20 पॉइंटांचा असावा पण तेथे आपला हक्क 40 टक्केच पुरे, असे वाचकाने सांगावे. आणि जे 60 टक्के उरतील, ते पुढे प्रकाशकाच्या स्टाइलशीटकडे वर्ग व्हावेत. पहिला मान वाचकाचा, उरेल ते प्रकाशकाचे, असा तो हिशेब होता. टक्क्यांची ही योजना व्यवहारात चालणारी नव्हतीच (अक्षराचे वळण 40 टक्के एका फॉन्टचे आणि 60 टक्के दुसऱ्याचे कसे काढावयाचे?) आणि ती मागे पडली, परंतु दोन पक्षांच्या इच्छांची एका पानावर तडजोड घडविण्याची तिच्यामागची कल्पना टिकली.

ली आणि त्यांचे डच सहकारी बर्ट बॉस यांनी सिद्ध केलेली ‘सीएसएस’ या स्टाइलशीटच्या भाषेची पहिली प्रत 17 डिसेंबर 1996 रोजी जाळ्याच्या प्रमाणसंस्थेने मान्य केली. सर्वसाधारणपणे प्रकाशकाची सूचना वाचकाच्या सूचनेवर मात करील, असा तिच्यातील नियम होता; मात्र दोघांपैकी कोणालाही आपल्या सूचनेवर ‘महत्त्वाचे’ असा शेरा मारता येई. आता प्रश्न असा की, दोघांनीही एकाच गोष्टीवर हा शेरा मारला तर कज्जा कसा तोडावयाचा? 1996च्या प्रतीने निकाल प्रकाशकाच्या बाजूने दिला होता. 12 मे 1998 रोजी मान्य झालेल्या दुसऱ्या प्रतीने तो फिरविला, आणि ज्यांना अक्षरे मोठीच लागतात किंवा विशिष्ट रंगसंगतीखेरीज वाचताच येत नाही अशा वाचकांची गरज हे त्याचे कारण म्हणून स्पष्टपणे नोंदविले. तेव्हापासून आजतागायत प्रमाणग्रंथाचा दंडक हाच आहे: वाचकाने निक्षून सांगितले, तर प्रकाशकाने कितीही निक्षून सांगितले असले तरी वाचकाचे चालावे. जाळ्याच्या इतिहासात याहून गाजलेले निर्णय पुष्कळ झाले; परंतु सामान्य माणसाच्या पदरात इतका निखळ अधिकार टाकणारा दुसरा निर्णय मला तरी ठाऊक नाही.

या अधिकाराची गरज इंग्रजी वाचकापेक्षा मराठी वाचकाला अधिक आहे, असे माझे मत आहे आणि त्याचे कारण आपल्या लिपीतच आहे. रोमन अक्षरे बहुतांशी एका पट्टीत बसतात. देवनागरीचे तसे नाही. ‘दुर्दैवाने’ हा एकच शब्द घ्या: त्याच्या पहिल्याच अक्षराखाली उकार लोंबतो, आणि दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर रफार आणि दोन मात्रा यांची एकाच जागी दाटी होते. इंग्रजीसाठी बेतलेल्या साच्यात मराठी मजकूर ओतून तयार केलेल्या संकेतस्थळावर ओळींमधील अंतर अक्षराच्या उंचीच्या सव्वापट इतकेच ठेवलेले असते. परिणामी वरच्या ओळीतील उकार आणि ऋकार खालच्या ओळीतील वेलांट्यांवर येऊन आदळतात, आणि दोन-तीन परिच्छेद वाचून होतात न होतात तोच डोळे शिणतात. वाचकाला वाटते, आपला चष्मा बदलावयास झाला. इंग्रजी मथळ्यांना भारदस्तपणा यावा म्हणून अक्षरांत थोडी फट सोडण्याची जी रीत आहे, ती मराठी मथळ्यास लावली की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि अक्षरे एकमेकांशी बोलेनाशी होतात. दोन्ही समास सरळ राखण्याच्या हौसेपायी, शब्द तोडण्याची व्यवस्था नसलेल्या पानावर ‘विद्यार्थ्यांनाही’सारखा लांबलचक शब्द पुढच्या ओळीवर ढकलला जातो, आणि मागे राहिलेल्या चार शब्दांमध्ये भगदाडे पडतात.

यांतील प्रत्येक दोषावर वाचकापाशी उपाय आहे आणि तो एकेका ओळीचा आहे. परिच्छेदासाठी ‘पी’ हे अक्षर लिहावयाचे, पुढे महिरपी कंस उघडावयाचा, आणि त्यात ‘लाइन-हाइट: 1.75 !इम्पॉर्टंट;’ एवढे रोमन लिपीत लिहून कंस मिटावयाचा; ओळींची गर्दी तत्क्षणी हटते. ‘लेटर-स्पेसिंग’ शून्य केले की शिरोरेषा सांधते. ‘टेक्स्ट-अलाइन’ डावीकडे वळविले की भगदाडे बुजतात. पांढऱ्यावर फिकट करडा हा जो अलीकडचा शिष्टाचार आहे, त्याला रामराम करून अक्षरांस जवळजवळ काळा रंग द्यावा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील गुणोत्तर निदान 4.5 असावे, असा सुगम्यतेचा जागतिक दंडक आहे आणि तो न पाळणारी पाने आपल्या रोजच्या वाचनात भरपूर येतात. फॉन्टही बदलता येतो. मात्र नवशिक्याकडून हटकून घडणारा एक प्रमाद येथे सांगितला पाहिजे. साऱ्या पानावर सरसकट एकच फॉन्ट लादला, तर बटणांवरील भिंग, घंटा, बाण ही चिन्हे नाहीशी होऊन त्या जागी रिकामे चौकोन उमटतात, कारण पुष्कळ संकेतस्थळांवर ती चिन्हेदेखील एका खास फॉन्टातील अक्षरेच असतात. तेव्हा फॉन्टचा हुकूम मथळे आणि परिच्छेद यांच्यापुरताच मर्यादित ठेवावा.

आणि फॉन्ट निवडताना मराठी माणसाने थोडे चोखंदळ असावे. ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत, हे प्राथमिक शाळेत पाटीवर गिरविलेल्या कोणासही सांगावयास नको. आजचे चांगले देवनागरी फॉन्ट दोन्ही वळणे पोटात बाळगून असतात आणि पान मराठी आहे असे त्यांस कळविले की मराठी वळण पुढे करतात. हे कळविण्यासाठी पानाच्या आरंभी भाषेचा दोन अक्षरी संकेत लिहावा लागतो. तो लिहिण्याचे कष्ट न घेता, साच्यात आयता आलेला इंग्रजीचा संकेत तसाच ठेवून दिलेली मराठी पाने पाहिली की, अभिजात दर्जाच्या आपल्या जल्लोषाविषयी मनात नको ते विचार येतात. वाचकाच्या स्टाइलशीटला हा संकेत बदलता येत नाही. परंतु ज्या फॉन्टात मराठी वळणे हीच मूळची वळणे आहेत, असा फॉन्ट त्याला निवडता येतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा तसा एक फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहे. हिंदी आणि संस्कृतसाठी त्याच कुळातील निराळे फॉन्ट काढावेत इतका विवेक त्याच्या कर्त्यांनी दाखविला, आणि ते कर्ते कॅनडातले आहेत, हेही येथे नमूद करून ठेवतो. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांची ख्याती ज्या मुंबईने ऐकली, तेथील वाचकाने पडद्यावर मात्र जे दिसेल ते गोड मानून घ्यावे, याची संगती मला लागत नाही.

इतकी सुंदर सनद हाती असताना तिचा अंमल का दिसत नाही? कारण ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्यांनी ती सनद रद्द न करता दप्तराच्या तळाशी नेऊन ठेवली. ली पुढे 1999 मध्ये ज्या ऑपेरा कंपनीचे तंत्रप्रमुख झाले, तिच्या ब्राउझरात ‘लेखकाचे रूप’ आणि ‘वाचकाचे रूप’ यांची अदलाबदल एका कळीसरशी करता येत असे; 2013 मध्ये ऑपेराने स्वतःचे इंजिन सोडून गूगलच्या क्रोमियमचा आश्रय घेतला आणि ती कळ गेली. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररची ज्यांनी उभी हयात टिंगल केली, त्यांना हे आठवत नसेल की, त्याच्या सुगम्यतेच्या खिडकीत ‘पाने माझ्या स्टाइलशीटनुसार दाखवावीत’ असा सरळ पर्याय होता; त्याचा वारस एज, त्यात तो नाही. क्रोमने ही सोय 2014 साली काढून टाकली आणि वाचकांस एक्स्टेन्शनांकडे, म्हणजे ब्राउझरला वरून जोडावयाच्या पूरक प्रोग्रामांकडे, वळविले. मोझिलाच्या फायरफॉक्समध्ये ती अजून आहे, परंतु 2019च्या सप्टेंबरात आलेल्या 69व्या आवृत्तीपासून ती मुळात बंद ठेवलेली असते. ब्राउझर उघडताना ती फाइल आहे की नाही हे पाहण्यात वेळ जातो, असे कारण देण्यात आले. आता एका आडबाजूच्या पानावरील भल्या मोठ्या नावाची कळ आधी चालू करावी लागते, मग वापरकर्त्याच्या दप्तरात ‘क्रोम’ नावाचे पाकीट तयार करून (होय, फायरफॉक्सच्याच पोटात, हे नाव गूगलच्या ब्राउझरहून जुने आहे) त्यात फाइल ठेवावी लागते. मॅकवरील सफारीने तेवढी लाज राखली आहे: तेथे सेटिंग्जमध्ये स्टाइलशीट निवडण्याचा रकाना उघडपणे दिसतो.

एक्स्टेन्शन आहे ना, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. तक्रार दोन प्रकारची आहे. पहिली तत्त्वाची. अशी बरीच एक्स्टेन्शने आपले नियम पानातच घुसवितात, त्यामुळे ते नियम ब्राउझरच्या लेखी प्रकाशकाचेच ठरतात. 1998 मध्ये वाचकाला जो शेवटचा शब्द मिळाला होता, तो या वाटेने मिळत नाही, आणि प्रकाशकाशी त्याच्याच पातळीवर उतरून झोंबाझोंबी करावी लागते. दुसरी तक्रार विश्वासाची. 2005 पासून लोकप्रिय असलेले ‘स्टायलिश’ हे एक्स्टेन्शन काही वर्षांनी नव्या मालकांच्या हाती गेले, आणि वापरणारा कोणकोणती पाने पाहतो त्याची साद्यंत नोंद ते आपल्या सर्व्हरकडे धाडीत असल्याचे 2018च्या जुलैमध्ये उघडकीस आले. मोझिला आणि गूगल या दोघांनीही ते तेव्हा आपापल्या दुकानांतून हटविले. अक्षरे थोडी मोठी करून मागितली आणि त्या मोबदल्यात वाचनाचे सारे रोजनामे परक्याच्या हवाली झाले! त्याच्यापासून फुटून निघालेले, मूळ संहिता सर्वांस खुली असलेले ‘स्टायलस’ आज बहुतेक जाणकार वापरतात आणि मीही तेच सुचवीन. तथापि जे काम ब्राउझरचे स्वतःचे होते, ते तिऱ्हाइताकडे सोपविल्यामुळेच ही आपत्ती ओढवली, हे विसरता येत नाही.

त्यातच संकेतस्थळे बांधण्याची रीत बदलली. पूर्वी पानाच्या भागांना ‘मथळा’, ‘समास’, ‘तळटीप’ अशी माणसाला कळणारी नावे दिलेली असत आणि वाचकाला त्या नावांनिशी नियम लिहिता येत. आता ही नावे यंत्र घडविते. ती पाच-सहा निरर्थक अक्षरांची असतात आणि दर नव्या आवृत्तीला बदलतात, त्यामुळे काल लिहिलेला नियम आज निकामी होतो. यात दुष्ट हेतू असतोच असे नाही, बहुधा नसतोच. पण परिणाम तोच. आणि मोबाइलवरील ॲपमध्ये तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे मालकाने खुशीने जेवढी बटणे ठेवली असतील तेवढाच आपला हक्क. संकेतस्थळ उघडताच ‘ॲप घ्या’ म्हणून जो आग्रह होतो, त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक असावे, असा माझा वहीम आहे.

प्रकाशकांच्या बाजूची कैफियतही ऐकली पाहिजे. पानाचे रूप ही कोणा कलावंताची निर्मिती असते, तिच्यात हवा तसा हात घालणे अशिष्टपणाचे आहे, हा युक्तिवाद मला मान्य नाही. कारण बदल होतो तो एका वाचकाच्या एका पडद्यावर, मूळ कृतीच्या केसालाही धक्का लागत नाही. जाहिरातींचा मुद्दा मात्र वजनदार आहे. जो नियम अक्षरे मोठी करतो, तोच नियम जाहिरातीही लपवू शकतो, आणि जाहिरातींवर वृत्तपत्रे चालतात. ज्या कागदावर हे छापले जात आहे, त्याचा खर्चही त्यांतूनच निघतो. माझा कौल असा: मजकुराच्या कडेला बसलेली जाहिरात वाचकाने सोसावी, तेवढे देणे तो लागतो, परंतु पडद्याचा तिसरा हिस्सा अडवून बसणारी, वाचता वाचता बोलू लागणारी आणि मिटण्याची फुली हरभऱ्याएवढीही नसणारी जाहिरात जो लपवितो, त्याने नको असलेली पुरवणी दुमडून बाजूस ठेवण्यापलीकडे काही केले, असे मला वाटत नाही.

जर्मनीत या कज्ज्याने न्यायालयाची पायरी गाठली आहे. आक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने जाहिरात-अवरोधक बनविणाऱ्या कंपनीवर भरलेला दावा तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल 2018 मध्ये फेटाळला. तो स्पर्धाविषयक कायद्याखाली होता. त्यानंतर तीच संस्था स्वामित्वहक्काच्या कायद्याचा आधार घेऊन पुन्हा उभी राहिली. पानाची संहिता हा संगणकीय प्रोग्राम आहे, सबब वाचकाच्या ब्राउझरात तिची जी मांडणी होते तीत फेरफार करणे म्हणजे प्रोग्राममध्येच बेकायदा फेरफार करणे होय, असा तिचा दावा. खालच्या न्यायालयांनी तो नाकारला होता. परंतु 31 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिक चौकशीसाठी प्रकरण हॅम्बुर्गच्या न्यायालयाकडे परत धाडले. हा युक्तिवाद उद्या ग्राह्य ठरला, तर अक्षरे मोठी करणारी ओळ आणि जाहिरात लपविणारी ओळ यांत फरक कसा करावयाचा, हे मला समजत नाही. दोन्हींची यंत्रणा एकच आहे.

मंददृष्टी वाचकांचा विचार आपल्याकडे अजिबात होत नाही, असे नाही. सरकारी संकेतस्थळांच्या माथ्यावर लहान, मध्यम आणि मोठे अशी ‘ए’ची तीन अक्षरे दिसतात, ती त्याच भूतदयेपोटी. परंतु प्रत्येक खात्याने आपापल्या पानावर तीन बटणे बसवावीत, आणि ज्याला दिसत नाही त्याने दर पानावर ती हुडकावीत, यापेक्षा त्याने आपली गरज एकदाच आपल्या ब्राउझरात लिहून ठेवावी आणि साऱ्या जगाची पाने त्या बेताने उघडावीत, ही 1994ची कल्पना किती तरी शहाणपणाची होती. सुगम्यतेच्या 2018च्या दंडकात हेच तत्त्व निराळ्या अंगाने आले आहे: वाचकाने ओळींमधील अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट आणि परिच्छेदांमधील अंतर तिच्या दुप्पट केले, तरी पानावरील मजकूर कापला जाता कामा नये, अशी अपेक्षा त्यात नमूद आहे. म्हणजे वाचक फेरफार करणार, हे गृहीतच धरलेले आहे.

तेव्हा गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी वाचकाच्या स्टाइलशीटचा रकाना आपल्या सेटिंग्जमध्ये पुन्हा घालावा, आणि मोझिलाने तो अडगळीतून बाहेर काढावा, ही मागणी अवास्तव नाही. सफारी ती आजही पुरी करते. आपल्या मराठी वृत्तपत्रांना आणि मासिकांना करावयाच्या गोष्टी तर त्याहून सोप्या आहेत: पानाच्या आरंभी मराठीचा संकेत घालावा, ओळींना श्वास घेण्याइतकी जागा द्यावी, आणि पानाच्या भागांची नावे माणसाला कळतील अशी व कायम ठेवावीत. तोवर वाचकाने वाट पाहात बसण्याचे कारण नाही. स्टायलस उतरवून घेण्यास पैसे पडत नाहीत, आणि हा लेख पडद्यावर वाचताना अक्षरे बारीक वा ओळी दाट वाटल्या असतील, तर त्यासाठी संपादकांस पत्र लिहिण्याचीही गरज नाही.